लंडन ट्रिपमध्येच अक्काचा वाढदिवस येतोय? मग असं करा

सोलापुरातनं लंडनला फिरायला निघालाय आणि नेमका त्याच आठवड्यात बहिणीचा नाहीतर भावाचा वाढदिवस येतोय, अशा वेळी बहुतेक जण आधी केकचा विचार करतात. केक तिकडं पावलोपावली मिळतोय हो, त्याचं टेन्शन नाही. आधी घड्याळाचं गणित नीट लावा, कारण सगळा घोळ तिथंच होतोय.

मार्चच्या शेवटच्या रविवारपासनं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागं असतंय, बाकी थंडीच्या दिवसांत साडेपाच तास. म्हणजे समजा वाढदिवस जूनमध्ये आहे, तर आपल्याकडं रात्रीचे १२ वाजतात तेव्हा तिकडं आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि बाहेर चक्क ऊन असतंय, कारण जूनमध्ये तिथं सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो. आता आपली माणसं काय करणार, काका, मावशी, आत्याची पोरं, शाळेतल्या मैत्रिणी, सगळे सोलापूरच्या बाराच्या ठोक्याला फोन लावणार, आणि तुम्ही त्या वेळी कुठंतरी ट्यूबच्या, म्हणजे तिकडच्या भुयारी रेल्वेच्या, खड्ड्यात, रेंज येतीय-जातीय, हातात पिशव्या, अक्का वैतागलेली. त्यामुळं वाढदिवस आदल्या संध्याकाळी साडेसातलाच सुरू होतोय असं धरूनच प्लॅन करा. हिशोब केला तर सोलापूरच्या मध्यरात्रीपासनं लंडनच्या मध्यरात्रीपर्यंत साडेअठ्ठावीस तासांचा वाढदिवस मिळतोय, फुकटात.

माझं सरळ मत असंय की या साडेअठ्ठावीस तासांत दोनच गोष्टी ठरवून करायच्या, आदल्या संध्याकाळची एक आणि प्रत्यक्ष दिवसाची एक, बाकी वेळ मोकळा सोडायचा. सकाळी हे, दुपारी ते, मग क्रूझ, मग शो, मग डिनर असं भरगच्च केलं की बारा हजार पावलं चालून चालून वाढदिवसवालीचेच पाय सुजतात आणि संध्याकाळी फोटोत सगळ्यांची तोंडं उतरलेली दिसतात.

आता निघायच्या आधीची तयारी, म्हणजे बॅग. घरातनं आई दहा गोष्टी कोंबणारच, पण ब्रिटनमध्ये आपल्या देशातनं मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यामुळं पेढे, बर्फी, खवा पोळी, श्रीखंडाचा डबा, तुपाची बरणी हे सगळं बाद. आईला आधीच सांगा, नाहीतर ऐन वेळी 'अगं थोडंसंच आहे की' सुरू होतंय. ताजी फळं, भाजीपण नको. शेंगाची चटणी, कडक भाकरी, शेंगा पोळी हे कोरडं असतंय, नीट पॅक करून चेक-इन बॅगेत टाका. चटणीला तेल सुटतं, त्यामुळं दोन पिशव्यांत बांधून वर डबा, नाहीतर अक्काचा वाढदिवसाचा नवा ड्रेस लाल होऊन निघेल. शेंगा पोळी करताना मात्र तूप लावू नका म्हणून सांगा. ठिणग्या उडवणारी ती फुलबाजीसारखी मेणबत्ती, काडेपेटी, लायटर यातलं काहीच घेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. साधी मेणबत्ती चालतीय, पण ती तिकडंच कुठल्याही सुपरमार्केटात मिळतीय, इथनं कशाला न्यायची.

एक वस्तू मात्र जागा करून न्याच, सोलापुरी चादर. हसू नका. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आपली चादर लंडनच्या बागेत गवतावर अंथरायला जितकी भारी तितकं दुसरं काही नाही, जाडजूड असती, ओल लवकर वर येत नाही, आणि तो मोराचा डिझाइन फोटोत असा काही उठून दिसतोय की वेगळं डेकोरेशन लागत नाही. परत येताना बॅगेतली काचेची वस्तू त्यातच गुंडाळायची.

अजून एक काम इथंच करून घ्या. घरातल्या प्रत्येकाकडनं व्हॉट्सॲपवर छोटा व्हॉइस मेसेज आधीच रेकॉर्ड करून घ्या, आजीचा तर घ्याच, कारण आजीला व्हिडिओ कॉलवर नेहमी स्वतःचा कान दाखवायचा असतोय आणि बोलणं निम्मं कळत नाही. हे मेसेज एकदम ऐकवायचे नाहीत, दिवसभर अधनंमधनं एकेक सोडायचे, बसमध्ये, रांगेत, चहा पिताना. कन्नड बोलणारी मावशी असेल, शेजारच्या तेलुगू काकू असतील, तर त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू द्या. लंडनच्या डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर बसून सोलापूरच्या तीन भाषांत शिव्या आणि आशीर्वाद ऐकायची मजा वेगळीच आहे.

आदल्या संध्याकाळी कुठं जायचं, तर माझी पसंती प्रिमरोज हिलला. नॉर्दर्न लाइनवरच्या चॉक फार्म स्टेशनला उतरायचं, तिथनं चालत जायचं. टेकडी फार उंच नाही, गुडघे दुखणारी माणसंसुद्धा दमानं चढतात, आणि वरनं सगळं लंडन पसरलेलं दिसतंय. तिकीट नाही. आणि सोलापूरकरांसाठी, खरंतर कुठल्याही मराठी माणसासाठी, महत्त्वाची गोष्ट म्हणजे १० किंग हेन्रीज रोड हे घर तिथनं जवळच आहे, बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत असताना ज्या घरात राहिले ते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि आता तिथं संग्रहालय आहे. उघडं असायच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या आणि दुपारी उशिरा आधी तिथं जा, मग निवांत टेकडीवर. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी करायला याच्यापेक्षा चांगली दुपार मला तरी सुचत नाही.

टेकडीवर सातच्या सुमाराला चादर टाकून बसा. साडेसात वाजता फोन वाजायला लागतील तेव्हा अक्का बसलेली असली पाहिजे, चालत नको. वारा असतोय, जूनमध्येसुद्धा, त्यामुळं एक स्वेटर. आणि त्याच वाऱ्यामुळं तिथं मेणबत्तीच्या फंदात पडू नका, पेटतच नाही. केक कापायचाच असेल तर आता नीट ऐका, सुरी बरोबर घेऊन फिरायचं नाही. इंग्लंडमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगणं गुन्हा आहे, तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक न होणारा, घडीचा छोटा चाकू तेवढा चालतो. आपण म्हणणार केक कापायचा होता हो साहेब, पण वाढदिवशी पोलिसांना समजावत कशाला बसायचं. त्यापेक्षा कपकेक घ्या, नाहीतर दुकानातनंच तुकडे करून घ्या, नाहीतर लाकडी चमचा. आमच्याकडं तर शेंगा पोळीच मोडली आणि तिकडं सोलापुरात आई फोनवर 'अगं केक कुठंय' म्हणून शोधालती.

थंडीत गेला असाल तर ही टेकडी विसरा. डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आधीच सूर्य बुडतोय, आणि सोलापूरचे बारा म्हणजे तिकडं साडेसहा, मिट्ट काळोख आणि गारठा. तेव्हा सरळ एखाद्या कॅफेत खिडकीजवळची जागा धरा.

व्हिडिओ कॉलबद्दल एक सांगायचंय. लंडनमध्ये रस्त्यावरनं फोन हिसकावून नेणारे असतात, सायकल नाहीतर ई-बाइकवरनं येतात आणि हातातला फोन उचलून पसार. त्यामुळं फुटपाथच्या कडेला उभं राहून हात लांब करून 'आई बघ बिग बेन' हे करूच नका. भिंतीला पाठ लावून, नाहीतर बागेत बसून, फोन दोन्ही हातांनी धरून बोला.

आता केक. आमच्यासारख्या अंडंसुद्धा न चालणाऱ्या घरातले असाल तर एवढं लक्षात ठेवा की तिकडं व्हेजिटेरियन म्हणून विकलेल्या केकात बहुतेक वेळा अंडं असतंय. एगलेस हवा म्हणून स्पष्ट सांगावं लागतं. केक बॉक्स नावाची दुकानांची साखळी आहे, २००८ ला पूर्व लंडनमध्ये सुरू झाली, त्यांचे सगळे केक बिनअंड्याचेच असतात आणि वर नावपण लिहून देतात, आपल्याकडच्या क्रीम केकच्या जवळ जाणारी चव. ते जवळपास नसेल तर सुपरमार्केटात व्हीगन लिहिलेला केक उचला, त्यात अंडंही नाही आणि दूधही नाही, चवीला थोडा कोरडा लागतो पण डोक्याला ताप नाही. पाकिटावर घटकांच्या यादीत अंडं, दूध, शेंगदाणे असली ॲलर्जीची नावं ठळक अक्षरांत छापलेली असतात, तेवढीच वाचली तरी काम होतंय. रंगीत जेलीच्या गोळ्या आणि मार्शमॅलो लावलेलं काही घेतलं तर जिलेटिन बघा, ते प्राण्यांपासनं असतंय.

रविवारी वाढदिवस येत असेल तर केक शनिवारीच आणून ठेवा. इंग्लंडात मोठ्या दुकानांना रविवारी सलग सहाच तास उघडं ठेवता येतं, कायदाच आहे तसा, १९९४ चा. आपल्याकडं नवी पेठेत रात्री साडेनऊला जाऊन सगळं मिळवायची सवय असते, तिकडं रविवारी संध्याकाळी मोठ्या सुपरमार्केटचं शटर खाली. कोपऱ्यावरची छोटी दुकानं चालू असतात पण तिथं फारतर चॉकलेटचा रोल मिळेल.

हॉटेलच्या खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काहीही पेटवू नका. धुराचे अलार्म लई संवेदनशील असतात, एकदा वाजला की अख्खं हॉटेल पायजम्यावर रस्त्यावर येतंय. औक्षण करायचंच असेल, आणि करावंच माझ्या मते, तर बॅटरीवरचा दिवा न्या. लहान स्टीलची ताटली, कुंकवाची डबी, सुपारी, घरातली एखादी अंगठी आणि तो प्लास्टिकचा पिवळा दिवा. तिकडच्या सकाळी आठला सोलापुरात साडेबारा झालेले असतात, आई स्वयंपाक उरकून मोकळी असती, तेव्हा फोन कपाला टेकवून उभा करा आणि आईच्या सूचनांवर औक्षण करा. उजवीकडनं की डावीकडनं, किती वेळा, पूर्व कुठली, सगळं ती तिथनं सांगती. बाबा मागनं 'गॅस बंद केलास का' एवढंच विचारतात. दहा मिनिटांचं काम आहे, पण दिवसाची सुरुवात घरच्यासारखी होते.

मग प्रत्यक्ष दिवसाची ती एक गोष्ट. ती काय असावी हे वाढदिवसवालीला विचारूनच ठरवा. सरप्राइजचं वेड परदेशात जरा आवरायचं, कारण तिथं तिचे बूट, तिची झोप, तिचं पोट यावर सगळं अवलंबून असतंय, आणि तुम्ही डोळे बांधून कुठं नेलं आणि तिथं तीनशे पायऱ्या निघाल्या तर. सरप्राइज द्यायचंच तर केकमध्ये द्या, मेसेजमध्ये द्या, ठिकाणात नको. आणि पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच वाढदिवस असेल तर रात्रीचं जेवण बुक करू नका, आपलं शरीर सोलापूरच्या वेळेवर असतंय, रात्री आठलाच माणूस ताटावर डुलक्या घेतोय आणि पहाटे चारला टक्क जागा. तेव्हा दुपारचं करा.

माझे दोन पर्याय सांगते, बाकी तुम्ही शोधा.

कपड्यांची, साड्यांची, नक्षीकामाची आवड असेल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, सगळे व्ही अँड ए म्हणतात. प्रवेश फुकट, शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं. मागाच्या गावातली माणसं आपण, तिथं कापडासमोर आपोआप रेंगाळतो, दुरनं बघून पुढं जाणाऱ्यांत आपण नाही, ताणा कसा, बाणा कसा, काठ कुठनं जोडलाय हे काचेला नाक लावून बघतो. टिपूचा तो लाकडी वाघपण इथंच आहे. पण वाढदिवसासाठी इथं यायचं खरं कारण म्हणजे कॅफे. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या खोल्या आहेत, भिंती आणि खांब चिनी मातीच्या टाइल्सनी मढवलेले, वर मोठमोठे गोल दिवे, आणि तिथं ट्रे घेऊन रांगेत उभं राहून चहा आणि केक घ्यायचा. वेगळं डेकोरेशन नाही, बुकिंग नाही, बिल आवाक्यात. स्कोन घेतला तर अंड्याचं विचारून घ्या.

गणित-भूगोल-जहाज असला किडा असलेला भाऊ असेल तर ग्रिनिच. वेस्टमिन्स्टरहून नदीतनं बोटीनं जा, टॉवर ब्रिजखालनं जाते, वेगळी क्रूझ करायची गरजच पडत नाही. उतरल्याबरोबर समोर कटी सार्क, १८६९ चं चहा वाहणारं जहाज. मग बागेतनं टेकडी चढून वेधशाळा, जिथनं शून्य रेखांश जातो. आपली भारतीय वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरलीय, १५ अंशाला एक तास, भागा, साडेपाच तास. म्हणजे काल साडेसातला जे फोन आले त्याचं सगळं गणित या रेषेवर उभं आहे, फक्त उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात म्हणून साडेचार. रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून फोटो काढायला आतल्या अंगणात जायचं असेल तर तिकीट लागतं. वेधशाळेच्या छतावर एक लाल गोळा आहे, १८३३ पासनं जहाजांना वेळ कळावी म्हणून तो दुपारी बरोबर एकला खाली पडतोय. १२:५५ ला अर्ध्यावर चढतो, १२:५८ ला टोकाला. जायच्या आधी चालू आहे का तेवढं बघा आणि पावणेएकला तिथं हजर राहा. भावाला सांगा, तुझ्या वाढदिवसाचा काउंटडाउन इंग्रजांनी ठेवलाय.

वरनं शहर बघायचं असेल तर लंडन आय या भल्यामोठ्या पाळण्याच्या रांगेत उभं राहायच्या आधी स्काय गार्डन आणि होरायझन २२ ही दोन नावं बघा. दोन्ही उंच इमारतींत आहेत, ३५ वा आणि ५८ वा मजला, दोन्ही फुकट, फक्त ऑनलाइन आधी जागा धरावी लागती आणि ती पटापट संपती. नाटकाची आवड असेल तर लेस्टर स्क्वेअरला टीकेटीएसचं बूथ आहे, तिथं सवलतीत तिकिटं मिळतात.

बस-ट्यूबनं फिरताना मशीनवर टॅप करायला प्रत्येकाचं वेगळं कार्ड लागतंय, एका कार्डावर दोघी जाऊ शकत नाही. आणि सकाळी ज्यानं टॅप केलं त्यानंच दिवसभर करा, सकाळी कार्ड आणि दुपारी फोन केलं तर मशीनला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा लागू होत नाही. बसमध्ये रोख चालत नाही, चढताना एकदाच टॅप, आणि तासाभरात दुसरी बस घेतली तर तिचे पैसे पडत नाहीत. वाढदिवशी मी तर ट्यूबपेक्षा बसच म्हणेन, वरच्या मजल्यावर पहिली सीट मिळाली की तीच अर्धी सहल.

जेवणाचं म्हणाल तर हॉटेल बुक करताना ऑनलाइन फॉर्ममध्ये बर्थडे असं लिहून ठेवा, बऱ्याच ठिकाणी गोडाच्या प्लेटवर मेणबत्ती लावून आणतात, तिथं आग त्यांची, जबाबदारी त्यांची. आपला केक घेऊन जाणार असाल तर आधी विचारा, काही हॉटेलं त्याचे वेगळे पैसे लावतात. भारतीयच खायचं असेल तर युस्टन स्टेशनच्या मागं ड्रमंड स्ट्रीटला शाकाहारी जेवण, भेळपुरी मिळती, आणि हाउन्सलोकडं वडापावसुद्धा. पण वाढदिवसाला लंडनमध्ये ज्वारीची भाकरी आणि पिठलं शोधत तास घालवू नका, ते परत आल्यावर आहेच की. चटणीचा डबा मात्र हॉटेलात टेबलावर उघडायच्या आधी विचार करा, शेंगदाण्याची ॲलर्जी तिकडं लई गंभीरपणे घेतात आणि शेजारच्या टेबलाला खरोखर त्रास होऊ शकतो. खोलीवर जाऊन खा.

गिफ्ट छोटं घ्या, वजन आणि पैसे दोन्ही बघून. दुकानातनं घेतलेल्या वस्तूवरचा टॅक्स विमानतळावर परत मिळतो असं कुणी सांगितलं असेल तर ती जुनी गोष्ट, २०२१ पासनं ब्रिटननं ते बंद केलंय.

लंडन सोडून दुसरीकडं जाणार असाल तरी बाराचं गणित तेवढं करून जा. दुबई दीड तास मागं आहे, पण तिथं व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, आईला आधी सांगून ठेवा नाहीतर ती रात्रभर काळजी करत बसेल. सिंगापूर अडीच तास आणि टोकियो साडेतीन तास पुढं, म्हणजे तिकडं बारा वाजतात तेव्हा सोलापुरात अनुक्रमे रात्रीचे साडेनऊ आणि साडेआठ, घरचे सगळे जागे, उलट सोपं पडतंय. सिंगापूरला मेट्रोत केक खायचा नाही, दंड आहे. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सोलापूरचे बारा म्हणजे आदल्या दुपारचे अडीच, तिकडं जेवणाच्या टेबलावरच फोन येतील.

राहिला खर्च. ट्रिपचा खर्च सगळ्यांत वाटायला हिशोबाचं ॲप वापरत असाल तर वाढदिवसाचा खर्च त्यात टाकूच नका, नाहीतर अक्काला केकची किंमत तिच्याच फोनवर दिसती आणि 'एवढे पैसे कशाला घातलास ग' सुरू. लंडनच्या हॉटेलांत बिलात बहुतेक वेळा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो, त्यामुळं वर वेगळी टिप ठेवायची गरज नाही. आणि अक्का कितीही नको म्हणलं तरी बिल आलं की पर्समध्ये हात घालणारच, थोरलीचा तो स्वभावच असतो, म्हणून जेवण संपायच्या आधी बाथरूमला जातो सांगून उठा आणि काउंटरवर कार्ड टॅप करून या.